चाळिशीच्या मुलाला काय द्यावं?

तिशी, चाळिशी किंवा पन्नाशी गाठणाऱ्या मुलाला वाढदिवसाला काय द्यावं, एवढाच प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. तो दुसऱ्याच तक्रारीच्या पोटात लपून येतो. झोप लागत नाही, मुलाचे फोन कमी झालेत, घरात उगाच चिडचिड होते असं काहीतरी बोलता बोलता मध्येच आई किंवा बाबा म्हणतात, "आणि पुढच्या महिन्यात त्याला चाळीस पूर्ण होतायत. काय द्यावं तेच कळत नाही. सगळं आहे हो त्याच्याकडे."

झोपेच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या एका आईंनी हेच वाक्य उच्चारलं, आणि पुढच्या आमच्या बऱ्याच भेटी त्याच वाक्याभोवती झाल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा एकुलता एक, दुसऱ्या शहरात राहणारा. लग्न झालेलं, एक मुलगी. आठवड्यातून एकदा फोन. आईंनी मोबाइलमध्ये यादी करून ठेवली होती: घड्याळ, पेन, सोन्याची साखळी, लहानपणच्या फोटोंचा अल्बम. सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीत, "रंगांचा मोठा संच आणि चित्रफलक." बाकीच्या वस्तूंबद्दल त्या भरभर बोलल्या. या ओळीपाशी आल्यावर थांबल्या.

मी विचारलं, "हा संच उघडताना त्याच्या मनात काय यावं असं तुम्हाला वाटतं?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईला कळलं होतं, असं वाटावं त्याला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा शाळेत असताना उत्तम चित्रं काढायचा. बारावीच्या वर्षी अभ्यासात लक्ष राहावं म्हणून आईंनी त्याचे रंग, ब्रश, कागद सगळं शेजारच्या मुलाला देऊन टाकलं होतं. तो काही बोलला नाही, आणि त्यानंतर त्याने चित्रही काढलं नाही. पुढे चांगली नोकरी लागली, संसार झाला. त्या गोष्टीचा विषय घरात कधी निघाला नाही. चाळिसावा वाढदिवस जवळ येऊ लागला आणि आईंची झोप उडाली. रंगांचा संच ही त्यांच्या मनातली माफी होती, वेष्टनात गुंडाळलेली.

ही कल्पना ऐकणाऱ्याला फार हृद्य वाटते. मलाही त्यातली माया दिसत होती. तरीही मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. चाळिशीतल्या माणसाने सगळ्यांसमोर ते वेष्टन उघडलं तर त्याने करायचं काय? बावीस वर्षं त्याने ब्रश हातात धरलेला नाही. संच पाहून हसायचं, की जुनं दुखणं उघडं पडलं म्हणून गप्प बसायचं? घरी नेऊन चित्रं काढायला सुरुवात नाही केली, तर आईचं मन पुन्हा मोडलं हे ओझं कोणी वाहायचं? माफी मागणाऱ्या वस्तूला नकार देता येत नाही, आणि जिथे नकार देता येत नाही तिथे मनापासून होकारही येत नाही.

माझं या बाबतीतलं मत ठाम आहे. जे बोलायचं राहून गेलंय ते बोलावं. वस्तूला ते काम सांगू नये.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, त्या जुन्या प्रसंगाबद्दल मुलाशी बोलणं, वाढदिवसाच्या आधी आणि वाढदिवसाचा संबंध न लावता. दुसरी, भेट. पहिलीला जास्त वेळ लागला.

समोरासमोर शब्द फुटणार नाहीत असं वाटल्यामुळे त्यांनी आधी पत्र लिहून पाहिलं. पहिल्या खर्ड्यात निम्मं पान परिस्थितीचं होतं: तेव्हा घरात ताण होता, सगळेच पालक असं करायचे, तुझ्या भल्यासाठीच केलं. मी म्हटलं, "ताई, हे सतरा वर्षांच्या मुलाच्या नजरेने एकदा वाचून बघा." त्यांनी वाचलं आणि स्वतःच रेघा मारल्या. उरल्या चार-पाच ओळी. मी तुझे रंग तुला न विचारता देऊन टाकले. तुला किती लागलं असेल ते मी तेव्हा पाहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. तू यावर काही बोललं पाहिजेस असं नाही. एवढंच. आपल्या मोठ्या मुलांची माफी मागणाऱ्या बहुतेक पालकांचं गाडं "पण" या एका शब्दापाशी अडतं. कारणं सांगायची नाहीत असं नाही. मुलाने विचारली तर जरूर सांगावीत. पहिल्याच श्वासात सांगितली की ती माफी उरत नाही, बचाव होतो.

पत्र त्यांनी पाठवलं नाही. फोनवरच वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "आई, मला तेव्हा खूप राग आला होता. कित्येक वर्षं होता. आता आहे की नाही, खरंच सांगता येत नाही. पण तू बोललीस हे बरं केलंस." आईंना वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ दे गं, मी कधीच विसरलो. तसं तो म्हणाला नाही म्हणून त्या माझ्याकडे येऊन रडल्या. मला मात्र हे उत्तर फार मोलाचं वाटलं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. तो आईला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हता. खरं बोलत होता, आणि इतकं खरं तो त्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

आता भेट. मी विचारलं, सध्या त्याचा रविवार कसा जातो? त्यांना सांगता आलं नाही. कॉलेजातल्या आवडीनिवडी तोंडपाठ होत्या, आजच्या नव्हत्या. यात त्यांना लाज वाटावी असं काही नाही. दूर राहणाऱ्या मुलाशी दर आठवड्याला तेच ते बोलणं होतं: बरा आहेस ना, छोटी काय म्हणते, कधी येणार. त्यातून खुशाली समजते, माणूस समजत नाही. आपल्या मनातला मुलगा मग कुठल्या तरी एका वयात थांबून राहतो आणि आपण भेटी त्यालाच देत बसतो. म्हणून मी सांगितलं, दर फोनला एक नवी गोष्ट विचारा, जिचं उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत नाही. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या फोनला मुलगा म्हणाला, रविवारी मी लाकूडकाम शिकतोय. मुलीसाठी पुस्तकं ठेवायची मांडणी बनवतोय, सांधे अजून नीट बसत नाहीत. आणि मग, "आई, आजोबांची हत्यारांची पेटी आहे का गं अजून?"

पेटी माळ्यावर होती. रंधा, पटाश्या, गिरमिट, कानस, गुण्या. आईंच्या लेखी ती अडगळ होती.

अडचण आली ती बाबांकडून. "मी गेल्यावर त्याचंच आहे ना सगळं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यांना मी एकदा सोबत बोलावलं. त्या पेटीला त्यांनी स्वतः फारसा हात लावला नव्हता, पण ती घराबाहेर जाणार म्हटल्यावर त्यांना आपल्या वडिलांचं जाणं आठवलं. ही अढी मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. आईवडिलांची वस्तू पुढच्या पिढीच्या हाती देताना आपलीही पाळी जवळ आल्यासारखं वाटतं. त्यांना मी इतकंच विचारलं, की कोणत्या हत्याराने तुमचे वडील काय करायचे हे त्याला कोण सांगणार आहे? ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात आईंचा निरोप आला की यांनी पेटी माळ्यावरून काढलीय, गंज पुसतायत आणि प्रत्येक हत्याराला चिठ्ठी बांधतायत.

घरातल्या गोष्टी माहीत असण्याला किती मोल असतं याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरावर कोणता कठीण प्रसंग आला होता, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती त्यांचा आत्मसन्मान अधिक चांगला आढळला. एकामुळेच दुसरं घडतं असं त्यावरून सिद्ध होत नाही, आणि तो अभ्यास वाढत्या वयाच्या मुलांवरचा आहे. तरी मला वाटतं, चाळिशीतल्या माणसालाही आपला आजोबा पटाशी कशी धरायचा हे कळायला हवं असतं.

हत्यारं देताना एक अट मी घातली, आणि ती पालकांसाठी होती: देऊन झाल्यावर पेटीची चौकशी करायची नाही. वापरतोस का, कुठे ठेवलीस, नीट ठेव हं, यातलं काहीही नाही. चौकशी चालू राहिली की वस्तू दिली असं होत नाही, ठेवायला दिली असं होतं.

घड्याळ, साखळी वाईट असं मी म्हणणार नाही. पण महाग वस्तूमुळे जास्त आनंद होतो ही समजूत मुख्यतः देणाऱ्याची असते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांच्या २००९ मधल्या संशोधनात हेच दिसलं. देणाऱ्यांना वाटत होतं की किंमत जास्त तर कौतुकही जास्त. घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किंमतीशी तसा संबंध दिसला नाही. जेफ गलाक, ज्युलियन गिव्ही आणि एलानोर विल्यम्स यांनी २०१६ मध्ये त्यामागचं एक कारण मांडलं. देणाऱ्याचं लक्ष वेष्टन उघडण्याच्या क्षणावर असतं, घेणारा मात्र पुढे ती वस्तू आपल्याकडे असतानाचा विचार करतो. मोठ्या वाढदिवसाला हा फरक आणखी ताणला जातो, कारण सगळे जमलेले असतात आणि आईवडिलांना तो क्षण हवा असतो. पण त्या वस्तूबरोबर पुढची वर्षं राहायचंय ते मुलाला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवं दशक लागायच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २९, ३९, ४९ अशा वयात, माणसं आयुष्याच्या अर्थाचा विचार जास्त करतात असं अ‍ॅडम ऑल्टर आणि हॅल हर्शफिल्ड यांनी २०१४ मध्ये मांडलं. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले, तेव्हा तो नियम समजू नये. पण माझ्यासमोर बसणाऱ्या त्या वयाच्या माणसांकडून मी हे पुष्कळदा ऐकते: काय केलं मी इतकी वर्षं? ज्याच्या मनात असा हिशेब आधीच चालू आहे, त्याला "आता तरी" असं सुचवणारी भेट बोचते. वजन कमी करण्याची साधनं, यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं, लग्न न केलेल्या मुलाला संसारोपयोगी वस्तू. हेतू कितीही प्रेमाचा असला तरी यातून त्याला ऐकू येतं की तू अजून पुरेसा नाहीस.

त्याला सरळ विचारलं तर मजा जाते का? असं मला बरेच जण विचारतात. मोठ्या मुलाच्या बाबतीत मला तरी तसं वाटत नाही. "काय हवंय?" असं विचारलं की "काही नको" हेच उत्तर मिळतं, म्हणून "सध्या कशात वेळ जातो?" असं विचारावं. तो म्हणाला की समारंभ नको, तर करू नये. त्याला पैशांचीच गरज असेल तर पैसे द्यावेत, त्यात कमीपणा नाही. मात्र ते उसने आहेत की दिलेले, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगावं. दुसरं अपत्य असेल तर त्याच्या त्याच वाढदिवसाला काय दिलं होतं ते आठवून पाहावं. भावंडं असल्या गोष्टी विसरत नाहीत.

आणि ज्यांचं मुलाशी बोलणंच बंद आहे, त्यांनी मोठी भेट पाठवून दार उघडायचा प्रयत्न करू नये असं मला वाटतं. ती भेट घेण्याचीसुद्धा त्याला धास्ती वाटते. एक छोटं कार्ड, शुभेच्छांच्या दोन ओळी, उत्तराची अपेक्षा नाही हे त्यात लिहिलेलं, इतकं पुष्कळ आहे.

त्या आईंच्या मुलाने पेटी नेली. रंगांचा संच त्यांनी घेतला नाही. तो पुन्हा चित्रं काढेल का, हे त्या आता विचारत नाहीत. झोप बरीच सुधारली आहे, अजून पूर्ण नाही, आणि त्यावर आमचं काम चालू आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, वाढदिवस चार दिवसांवर आलाय, एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे? मग त्या दिवशी फोन करा आणि चाळिशीतल्या त्याच्यात तुम्हाला काय आवडतं ते सांगा. लहानपणीचं नको, आजचं काहीतरी, एखादी पाहिलेली गोष्ट. भेट महिन्याने दिली तरी चालते. उशीर होणार आहे एवढं मात्र त्याला सांगून ठेवा.