डिप्रेशनची गोळी सुरू झाली आहे. सवय लागेल का? बरं वाटलं की बंद करू का?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय 31, पहिल्यांदाच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात. त्यांनी एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रात्री जेवणानंतर लिहून दिली. पाच दिवस झाले, फरक काही नाही, उलट मळमळ आणि अस्वस्थपणा. आई म्हणते सवय लागेल, मित्र म्हणतो जास्त त्रास होईल त्याच दिवशी घे. आणि पुढच्या महिन्यात एका लग्नात दोन पेग घेतले तर चालतील का, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. तुमचा डोस ठरवणं माझं काम नाही, पण चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस घरी गोळ्या कशा घेतो हे आम्हाला बरंच कळतं.

आईची भीती अगदीच निराधार नाही. फक्त ती ज्या औषधाबद्दल आहे ते दुसरं आहे. तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. एस्सिटालोप्रॅम हे डिप्रेशनचं खरं औषध. त्याची नशा चढत नाही, तलफ येत नाही. क्लोनाझेपाम मात्र घेतल्यावर थोड्याच वेळात जीव शांत करतं, झोप आणतं. एस्सिटालोप्रॅमचा गुण यायला वेळ लागतो, तोवरचे दिवस निभावून न्यायला डॉक्टर ते जोडीला देतात. सवय लागते ती याची, आणि रोज घेतलं तर काही आठवड्यांतच लागू शकते. म्हणून ते थोडेच दिवस ठेवून हळूहळू कमी करायचं असतं.

इथेच घोळ होतो. थोडं बरं वाटलं की माणूस दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जात नाही. जुनीच चिठ्ठी दाखवून नावापुढे ‘प्लस’ लावलेली तीच गोळी महिनोन्‌महिने नेतो, आणि देणारे देतातही. हे माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहितोय, पण खरं आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातलं क्लोनाझेपाम कधीपर्यंत?’ आणि ते बरेच दिवस घेऊन झालं असेल तर मनाने एकदम तोडू नका, त्याचाही त्रास होतो, क्वचित फिटही येऊ शकते.

पाच दिवसांत फरक दिसत नाही, यात बिघडलेलं काही नाही. एस्सिटालोप्रॅमचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पुरता यायला सहा-आठ आठवडेही जातात. बहुतेकांची आधी झोप आणि भूक सुधारते, मन मागाहून उभारी धरतं. मित्राचा सल्ला डोकेदुखीच्या गोळीला ठीक आहे, इथे नाही. रोज ठरलेल्या वेळी घेतली तर आठवडाभरात रक्तातलं प्रमाण स्थिरावतं. एक दिवस घेतली, दोन दिवस नाही, असं केलं तर मळमळ वाट्याला येते आणि गुण मिळत नाही. एखाद्या रात्री विसरलात तर पुढच्या रात्री नेहमीची एकच घ्या, दोन नाही.

मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं हे बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. पण मळमळ होते म्हणून मेडिकलमधून परस्पर ऑन्डान्सेट्रॉन आणू नका. ते आणि एस्सिटालोप्रॅम या दोन्ही औषधांचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर एकाच दिशेने परिणाम होऊ शकतो. तरुण, धडधाकट माणसाला एका गोळीने बहुधा काही होणार नाही, पण हृदयाचा आजार असेल किंवा आणखी औषधं चालू असतील तर गणित बदलतं.

अस्वस्थपणाबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलाय, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात, असं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना आजच फोन करा. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर काही जणांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढतात. तरुणांमध्ये हा धोका जास्त दिसल्याने अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने) 2004 मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. तुम्ही त्या वयाच्या पुढे आहात, तरी घरातल्या एका माणसाला हे सांगून ठेवा. तसे विचार आलेच तर एकटे राहू नका, लगेच डॉक्टर किंवा जवळचं रुग्णालय गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. याच्या उलट, झोप न घेताही भलताच उत्साह, अखंड बडबड, पैसे उधळणं सुरू झालं तरीही डॉक्टरांना कळवा. घरात कुणाला बायपोलरचा (कधी अतिउत्साह, कधी डिप्रेशन असा) आजार असेल तर ते त्यांना आत्ताच सांगा.

आता आमच्या काउंटरवरचा रोजचा विषय. लोक डिप्रेशनची गोळी एका डॉक्टरांची घेतात, पाठदुखीची दुसऱ्यांची, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. मनाची गोळी चालू आहे हे सांगायला लाज वाटते. ट्रामाडॉल असलेलं दुखण्याचं औषध एस्सिटालोप्रॅमबरोबर घेतलं तर सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. घाम, थरथर, जोराची धडधड, ताप, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि तिथे थेट रुग्णालयात जायचं. कोरड्या खोकल्याच्या कित्येक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, त्याचीही तीच गत होऊ शकते. ‘मन प्रसन्न ठेवणारी वनस्पती’ म्हणून ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्टही याच यादीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांच्यासोबत पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं. रोज ओमेप्राझोल घेत असाल तर तेही सांगा, त्याने एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आई-वडिलांसाठी वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. वयस्कर माणसात, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, एस्सिटालोप्रॅमने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासून घ्या.

बंद करण्याचं म्हणाल तर बरं वाटणं हे गोळी बंद करण्याचं कारण नव्हे. पहिल्यांदाच डिप्रेशन आलेलं असेल तर बरं वाटू लागल्यापासून पुढे किमान सहा महिने एस्सिटालोप्रॅम चालू ठेवतात, मग काही आठवडे किंवा महिने घेऊन डोस उतरवतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, चित्रविचित्र स्वप्नं, डोक्यात करंट गेल्यासारखा झटका असं होऊ शकतं. मग घरचे म्हणतात, ‘बघ, लागली ना सवय!’ ते व्यसन नाही, शरीर औषधाला सरावलेलं असतं इतकंच. हा त्रास थांबवल्यावर काही दिवसांतच सुरू होतो, उलटलेला आजार सहसा सावकाश डोकं वर काढतो. कोणतंही असो, डॉक्टरांना कळवायचं.

बरेच जण गुपचूप गोळी सोडतात त्यामागे आणखी एक कारण असतं, जे काउंटरवर कुणी बोलत नाही: लैंगिक इच्छा कमी होणं किंवा संबंधात समाधान मिळायला वेळ लागणं. हे या औषधांनी होतं, पुरुषांना आणि बायकांनाही. डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. न सांगता सोडणाऱ्याला हा पर्याय मिळतच नाही.

राहिले लग्नातले दोन पेग. क्लोनाझेपाम चालू असेल तर अजिबात नाही, दोन्ही मिळून गुंगी वाढते आणि श्वासही मंदावू शकतो. ‘त्या रात्री गोळी चुकवतो’ हाही तोडगा नाही, कारण आदल्या रात्रीची गोळी तोवर अंगात असतेच. तोपर्यंत डॉक्टरांनी क्लोनाझेपाम बंद करून नुसतं एस्सिटालोप्रॅम ठेवलं असलं तरी दारूने डिप्रेशन वाढतं, त्यामुळे न घेणंच बरं. आणि क्लोनाझेपाम असलेली गोळी चालू असेपर्यंत रात्री घेतल्यावर गाडीही चालवू नका. सकाळीही डोकं जड वाटत असेल तर बाइकऐवजी एसटीने जा आणि हे जडपण डॉक्टरांना सांगा.