काटापट्टीचा ॲक्सेस डेटाबेस आणि ‘सही टाकून दिली जाईल’ हा मेसेज

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. राळेगावकडच्या जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर) काटापट्टीचा, म्हणजे वजनाच्या पावत्यांचा, डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस 2003 मध्ये होता, त्याला डिजिटल सही केलेली होती, कधी कटकट नव्हती. आता नव्या कॉम्प्युटरवर 2016 आलं, पुतण्याने फाइल जुन्या एमडीबी प्रकारातून नव्या एसीसीडीबी प्रकारात करून दिली, आणि व्हीबीएच्या (ॲक्सेसमधल्या प्रोग्रामच्या भाषेच्या) टूल्स मेनूतून सही करायला गेलं की ‘सर्टिफिकेटमध्ये अडचण आहे, सही टाकून दिली जाईल’ असं येतं. तीनदा नवं सर्टिफिकेट, म्हणजे सहीमागचं डिजिटल ओळखपत्र, बनवलंत. आता चौथं बनवू नका, सर्टिफिकेट धडधाकट आहे.

घोळ फाइलच्या प्रकाराचा आहे. एसीसीडीबी ही ॲक्सेस 2007 सोबत आली, आणि तुमच्या 2016 मध्ये तिच्या आत व्हीबीएची सही राहतच नाही. मेनूत पर्याय मात्र जुनाच दिसतो, वर मेसेज दोष देतो सर्टिफिकेटला. त्यात माणसाचे दोन-दोन दिवस जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सही करायचीच तर ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘पॅकेज अँड साइन’ आहे. त्यातून एसीसीडीसी फाइल तयार होते. पण ते सीलबंद पाकीट समजा. समोरच्याने पाकीट फोडून डेटाबेस बाहेर काढला की सहीचा आणि त्याचा संबंध संपला. एका जिनिंगवरून दुसऱ्या जिनिंगवर फाइल पाठवायला ते ठीक. तुमची फाइल रोज त्याच काट्यावर उघडते, तुम्हाला त्याची गरज नाही.

तुम्ही एवढंच करा. सी ड्राइव्हवर ‘काटा’ नावाचा वेगळा फोल्डर करा आणि डेटाबेस त्यात ठेवा. मग फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स असं जाऊन तो फोल्डर जोडा. फाइल उघडताना येणारी इशाऱ्याची पिवळी पट्टी जाईल, बटणं चालू होतील. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप मात्र विश्वासू म्हणून जोडू नका. आणि कोणी ‘सगळे मॅक्रो (फाइलींतले छोटे प्रोग्राम) चालू करा’ असं सांगितलं तर हात जोडून नाही म्हणा. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही शेतकऱ्यांचे चुकारे बँकेतून पाठवता.

फाइल मेलवरून आली असेल तर आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली ‘अनब्लॉक’वर टिक. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली आहे.

तुम्ही विचारलं की मालकांचा डीएससी टोकन (पेनड्राइव्हसारखा डिजिटल सहीचा तुकडा) लावून सही होईल का. नाही. तो टोकन कागदपत्रांवर सही करायला दिलेला असतो, प्रोग्रामवर सही करायला कोड सायनिंगचं सर्टिफिकेट वेगळं लागतं. मालकांचा टोकन दिवसभर काट्याच्या कॉम्प्युटरला लावून ठेवूही नये.

आणखी एक, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगवर पाकीट उघडताना सर्टिफिकेट अवैध म्हणायचं. रात्रीचे नऊ, बाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग, शेतकरी थंडीत धुऱ्यावर बसावं तसे काट्याजवळ बसलेले. सगळं तपासून झालं, काही सापडेना. शेवटी एका काटापट्टीकडे लक्ष गेलं, तिच्यावर तारीख छापली होती 1 जानेवारी 2009. लाइन गेली की घड्याळ मागे जायचं, कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी संपली होती. त्या तारखेला ते सर्टिफिकेट जन्मालाच आलं नव्हतं. बॅटरी बदलली, तारीख लावली, पाकीट उघडलं. तुमच्याकडेही उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. सहीचं सोडा, चुकीच्या तारखेची काटापट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली तर चुकाऱ्याच्या वेळी भांडण त्यालाच करावं लागतं.

फोल्डर जोडूनही पिवळी पट्टी आलीच, तर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कुठली फाइल उघडतोय ते बघा. बहुतेक वेळा तो जुन्याच जागेवरच्या फाइलकडे जात असतो, आणि मग दिवसभराची वजनं दोन फाइलींत विभागली जातात.