पानं नाहीत, खोड नाही, मग रॅफ्लेशियाचं फूल येतं कुठून?
दुसऱ्याच्या वेलीतून येतं. रॅफ्लेशियाचं अख्खं झाडच द्राक्षाच्या कुळातल्या टेट्रास्टिग्मा नावाच्या रानवेलीच्या आत राहतं, बारीक धाग्यांसारखं, बुरशी पसरते ना तसं, आणि पाणी अन्न सगळं तिच्याकडूनच ओढतं, मग पानं हवीत कशाला. बाहेर काय ते फक्त फूल दिसतं, वेलीची साल फोडून एक गाठ वर येते, कित्येक महिने फुगत फुगत कोबीच्या गड्ड्याएवढी होते आणि मग उघडते. सुमात्रातल्या रॅफ्लेशिया अर्नोल्डीचं फूल १ मीटरपर्यंत रुंद, टिकतं मात्र जेमतेम आठवडाभर, आणि वास सडक्या मांसाचा (माश्यांना बोलवायला!). आपल्या अरुणाचलमध्ये याच कुळातलं सॅप्रिया सापडतं, लालभडक, वर फिकट ठिपके. २०२१ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा (जीन्सचा) अख्खा आराखडा, वाचून आला तर इतर फुलझाडांत हमखास असणारे सुमारे ४४ टक्के जीन्स गायब, फुकटचं खाणाऱ्याला चूल कशाला लागते. फक्त आंब्यावरचं बांडगूळ आणि अमरवेल यात धरू नका, ती परजीवी आहेत पण राहतात बाहेरच, आत नुसती शोषक मुळं घुसवतात, त्यात बांडगुळाला तर स्वतःची हिरवी पानं असतात.