वाचकांचे प्रश्न : रणगाडे वाहणारा डायमंड टी

प्रश्न : हैदराबाद रस्त्याने मोठाले ट्रान्सफॉर्मर ओढत जाणाऱ्या पुलरच्या पाठीवर काँक्रीटचे ठोकळे लादलेले असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या डायमंड टी ९८० या लष्करी ट्रॅक्टर-ट्रकच्या चित्रातही केबिनमागे तशीच जड पेटी दिसते. आधीच एवढं ओझं ओढायचं, वर हे फुकटचं वजन कशाला? (जुळे सोलापूर)

उत्तर : फुकटचं नाही, त्या वजनाशिवाय गाडी हलणारच नाही. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन फडातून निघताना ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी गरगरतात, तेव्हा इंजिनात जोर असतोच. जमिनीवरची पकड कमी पडलेली असते. म्हणून तर मागच्या टायरमध्ये पाणी भरतात.

डायमंड टीचं रिकामं वजन सुमारे १२ टन, पेटीत आणखी ८ टनांपर्यंत भार. मागे १० टनांचा ट्रेलर आणि त्यावर ३२ टनांचा शर्मन रणगाडा धरला, तर सगळं मिळून ६२ टन. दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या घाटात नुसत्या चढासाठी तीन टनांहून थोडी जास्त ओढ लागते. टायरच्या घर्षणाची धरून चार. आता पेटी रिकामी आहे असं समजा. मागच्या दोन आसांवर ७ टन आले, तर ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे जेमतेम अडीच टन. एकूण वजन ८ टनांनी घटलं तरी लागणारी ओढ साडेतीन टनांच्या खाली येत नाही. चाकं घसरणारच. पेटी भरली की मागच्या आसांवर १४ टन येतात आणि पकड पाच टनांच्या घरात जाते. हा हिशेब ढोबळ आहे, पण आजच्या पुलरलाही तोच लागू पडतो.

इंजिन हर्क्युलस कंपनीचं, सहा सिलिंडरचं, १४.७ लिटरचं डिझेल. मिनिटाला १६०० फेऱ्यांना सुमारे २०० अश्वशक्ती. आजच्या ट्रकपुढे हा आकडा किरकोळच. खरी करामत गिअरची. चार गिअरच्या मुख्य पेटीला तीन गिअरची दुसरी पेटी जोडलेली, म्हणजे पुढचे बारा गिअर. कमाल वेग ताशी ३७ किलोमीटर.

प्रश्न : ९८० आणि ९८१ यांत फरक काय? (होटगी रोड)

उत्तर : विंचच्या, म्हणजे ड्रमवर तारदोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राच्या, दोराचा. ९८० वर ३०० फूट दोर होता आणि तो फक्त मागच्या बाजूने ओढायचा. १९४२ च्या ९८१ वर ५०० फूट दोर आला आणि पुढूनही ओढता येऊ लागलं. चिखलात रुतलेला ट्रक स्वतःलाच बाहेर काढू शकतो, हा त्याचा मोठा फायदा. १९४३ च्या मध्यानंतरच्या गाड्यांना पत्र्याच्या बंद केबिनऐवजी ताडपत्रीची उघडी केबिन असते. फोटोतली गाडी कधीची हे त्यावरून लगेच कळतं.

प्रश्न : बंद पडलेला रणगाडा ट्रेलरवर चढवायचा कसा? क्रेन लागत असेल ना? (अक्कलकोट रोड)

उत्तर : क्रेन लागत नाही, विंच पुरते. तिची ओढ ४०,००० पौंड, म्हणजे सुमारे १८ टन.

आधी ट्रक, ट्रेलर आणि रणगाडा एका सरळ रेषेत आणायचे. इथे हयगय नको. विंच ट्रकवर आणि उतरंडीच्या फळ्या ट्रेलरला, त्यामुळे दोर ताणला की ट्रक मागे आणि ट्रेलर पुढे रेटला जातो. मधला दांडा वाकडा असेल तर तो बाजूला दुमडतो. मग हँडब्रेक, सगळ्या चाकांना लाकडी ठोकळे, ट्रेलरच्या शेपटाखाली भक्कम आधार आणि मगच फळ्या.

रणगाड्याचे पट्टे मोकळे फिरत असतील, तर १७ अंशांच्या उतरंडीवर ३२ टनांना साधारण १२-१३ टन ओढ पुरते. एका दोरात काम होतं. ब्रेक जाम असतील किंवा पट्टा तुटून चाकं अडकली असतील, तर रणगाडा अक्षरशः फरफटत न्यावा लागतो. मग ओढ १८ टनांच्या पलीकडे जाते आणि कप्पी घालून दोर दुहेरी करावा लागतो. जोर जवळपास दुप्पट होतो, वेग निम्मा.

विंचची छापील ओढ ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थरासाठी असते, हे बरेच जण विसरतात. दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. उलट सगळा दोर सोडूनही चालत नाही; चार-पाच वेढे ड्रमवर राहायलाच हवेत, नाहीतर टोकाची पकड निसटते. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो, म्हणून त्यावर जड ताडपत्री टाकायची आणि त्याच्या आसपास कोणी थांबायचं नाही. चामडी हातमोजे घालायचे, कारण तुटलेल्या तारांचे काटे हात फाडतात.

चढवून झाल्यावर चारही कोपऱ्यांना साखळ्या आणि पट्ट्यांपुढे-मागे पाचरी. चार-पाच किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळायच्या. हादऱ्यांनी रणगाडा बसतो आणि त्या सैल पडतात.

प्रश्न : ट्रेलरला २४ टायर! पंक्चर रोजचंच असेल? (बाळे)

उत्तर : पंक्चरपेक्षा ते लक्षात न येणं वाईट. रॉजर्स कंपनीच्या या ट्रेलरला तीन आस, प्रत्येकावर आठ छोटे टायर. आतला एक बसला की शेजारचा त्याचं ओझं घेतो, तापतो आणि फुटतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या डांबरावर तर फारच लवकर. उपाय जुनाच : प्रत्येक थांब्यावर टायरला टामी मारून आवाज ऐकायचा.

प्रश्न : अमेरिकेत बनलेली गाडी अमेरिकी सैन्याची पहिली पसंती का नव्हती? पुढे या गाड्यांचं काय झालं? (विजापूर रोड)

उत्तर : गाडी ब्रिटिशांच्या मागणीवरून बनली आणि त्यांना डिझेल हवं होतं. अमेरिकी सैन्याचा सगळा पुरवठा पेट्रोलवर बेतलेला. शिवाय ताकद फक्त मागच्या चार चाकांना. अमेरिकेने १९४३ मध्ये रणगाडे वाहणारा एम-२६ ट्रक आणला : सहाही चाकांना ताकद, पेट्रोल इंजिन, चिलखती केबिन आणि ट्रकवरच टेकणारा सेमी-ट्रेलर. तरी १९४१ ते १९४५ या काळात शिकागोच्या कंपनीने ५,८७१ डायमंड टी बनवले.

युद्धानंतर ५१ टनांचा सेंच्युरियन रणगाडा आला आणि हा ट्रेलर अपुरा पडला; ब्रिटिशांनी थॉर्निक्रॉफ्ट अँटर हा ट्रक घेतला. (सेंच्युरियन बघायचा असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय सोलापूरहून एका दिवसात होतं.) मोडीत निघालेले डायमंड टी पिकफर्ड्स आणि विन्स यांसारख्या ब्रिटिश अवजड वाहतूकदारांनी उचलले. हर्क्युलसचे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर बऱ्याच गाड्यांत गार्डनर किंवा कमिन्सचं इंजिन बसवलं गेलं आणि त्या ट्रान्सफॉर्मर ओढायला लागल्या. पाठीवरची वजनाची पेटी तेवढी तशीच राहिली.