बत्तीस बोअरला गिऱ्हाईक आहे, बावीसला नाही

प्रश्न : वडिलांच्या परवान्यावरची .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) जुनी विलायती रिव्हॉल्व्हर, वेब्ली, त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाली. हीच वेब्ली आता उत्तर प्रदेशात नव्याने बनते, असं कळलं. माझ्या भाच्याचं शस्त्रविक्रीचं दुकान आहे. अमेरिकेत जुन्या घडणीच्या, लहान बोअरच्या रिव्हॉल्व्हर पुन्हा निघू लागल्यात, तेव्हा आपणही .३२ आणि .२२ चा माल भरावा, असं त्याचं म्हणणं आहे. धंदा म्हणून यात अर्थ आहे का? — एक वाचक, कराड

उत्तर : भाच्याला सांगा, .३२ च्या चार ठेव, .२२ ची एकही नको. मी कोल्हापुरात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय. आधी वडिलांच्या हाताखाली, मग एकट्याने. गिऱ्हाईक दुकानात काय बघतं आणि घरी गेल्यावर कशासाठी हळहळतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आपल्याकडे .३२ कुणाच्या हौसेने टिकलेली नाही, ती कायद्याने टिकवली आहे. सैन्य-पोलिसांची काडतुसं, म्हणजे .३८, .४५५, ९ एमएम, सामान्य परवानाधारकाला बंद. .३०३ ची रायफल बंद, म्हणून आपल्याकडे .३१५ ची रायफल रुजली. तसंच रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ चं. हे काडतूस अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनने १८९६ साली काढलं. गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमही नाही. तिकडे ते कधीच मागे पडलं आणि आपल्याकडे परवान्याची रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२ हेच समीकरण राहिलं. कानपूरची सरकारी .३२ सुद्धा वेब्लीच्याच वंशातली. त्यामुळे हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला वेब्ली पुन्हा बनायला लागली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. ज्या बोअरला गिऱ्हाईक बांधलेलं आहे, त्याच बोअरमध्ये त्यांनी हात घातला.

वडिलांची वेब्ली तुमच्याकडे आहे म्हणून एक करून बघा. आधी ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. मग डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबा आणि नळी खाली मोडा. मधली चांदणी वर उठते. एरवी हीच सहाच्या सहा काडतुसांच्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. आता बंद करून नळी धरून हलवा. सत्तर वर्षांच्या वेब्लीतही बिजागरीत खुळखुळ नसते. घोडा, म्हणजे मागची हातोडी, अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकायच्या आधी गोळ्यांचा फिरता सिलिंडर ‘कट्’ करून जागेवर बसला पाहिजे. हा आवाज नीट आला की वस्तू नीट, असं वडील म्हणायचे आणि मला अजून त्याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक कोरी .३२ घेऊन आलं. कारखान्याचं नाव इथे नको. चाप इतका जड की ताणकाट्याला लावून पाहिला तर साडेसात किलोला सुटला. चौथ्या खान्यावर सिलिंडर केसभर अलीकडेच थांबत होता. अशाने गोळीचं शिसं नळीच्या तोंडाशी खरवडलं जातं आणि बाजूने उडतं. दीड लाखाच्या आसपास पैसे मोजलेल्या माणसाला मी काय सांगणार? तीन दिवस घालवून ती सरळ केली, पण हे काम माझं नव्हतंच. माझा सगळा जीव इथे अडकलाय. जुनं रूप परत आणणं सोपं आहे, ते ‘कट्’ परत आणायला कानशीवर बसलेला हात लागतो.

आता अमेरिका. तिकडची लाट खरी आहे. रुगरने २०१९ मध्ये .२२ ची रँग्लर २४९ डॉलरला काढली, कोल्टने २०२२ मध्ये किंग कोब्रा दहा गोळ्यांच्या .२२ मध्ये आणली, स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये खिशात मावणारी रिव्हॉल्व्हर .३२ एच अँड आर मॅग्नममध्ये काढली. हे १९८४ चं काडतूस, आपल्याच .३२ चं लांब पुंगळीचं भावंड. त्याच मापात .३८ च्या पाच गोळ्या बसतात, याच्या सहा, आणि झटकाही कमी. पण तिथला माणूस .२२ घेतो ती रविवारी रेंजवर स्वस्तात खोकंभर काडतुसं झाडायला. आपल्याकडे वर्षाला किती काडतुसं घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. खडकीच्या फॅक्टरीचा ‘केएफ’ शिक्का बुडावर असलेली .३२ ची काडतुसं लोक मोजून, जपून ठेवतात. कित्येकांनी वर्षात एक गोळी उडवलेली नसते. उडवायचीच नसेल, तर ‘स्वस्तात उडवता येते’ हा गुण विकणार कुणाला?

आणि मुख्य अडचण पैशांची नाहीच, परवान्यावरच्या जागेची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. शेतकऱ्याकडे बहुतेक एक बारा बोअरची छऱ्यांची बंदूक असते. उरली एक जागा. ती तो .२२ ला देईल का? बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची ‘निडर’ रिव्हॉल्व्हर .२२ ची होती, वजन फक्त २५० ग्रॅम, किंमत ३५ हजारांच्या घरात, म्हणजे .३२ च्या मानाने फारच कमी. माझ्या टेबलावर ती आजवर एकदाच आली. खेळाडूंचं म्हणाल, तर नेमबाज राही सरनोबतच्या गावात .२२ म्हणजे पिस्तूल. इथल्या रेंजवर .२२ रिव्हॉल्व्हर घेऊन उतरलेला मला दिसला नाही.

भाच्याने कराचाही हिशेब धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. माल पडून राहिला तर पैसा अडकेल, म्हणून चारच म्हणतोय. शिवाय नवी वेब्ली घेणारा कानपूरची ‘प्रबळ’ही बघणार. २०२३ साली आलेली, .३२ चीच, पण सिलिंडर बाजूला उघडणारा. नळी मोडणाऱ्या घडणीपेक्षा मला ती रचना दुरुस्तीला सोयीची वाटते. आणि १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती मालाला जो भाव येतो, त्याच्याशीही नव्याची तुलना होणारच. तो विलायती तुकडा हातात धरलेला माणूस नव्यातली खुळखुळ लगेच ओळखतो.

तेव्हा भाच्याने पेटी उघडल्या उघडल्या, पैसे चुकते करायच्या आधी, प्रत्येक नगाचे सहाही खाने एकेक करून घोडा ओढून बघावेत. एका खान्यावरही सिलिंडर अलीकडे थांबला तर तो नग परत पाठवावा, दुरुस्त करून विकू नये. तुमच्या वेब्लीला मात्र निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करण्याआधी नळीतून तेलाचं फडकं फिरवा. आचारसंहिता उठल्यावर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रिव्हॉल्व्हर गंजून आलेल्या असतात.