वाचकांचे प्रश्न : वारा सुटलेल्या किनाऱ्यावर चार दिवस

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले असे चौघे समुद्रकाठच्या एका लहान गावी चार दिवस राहायला जाणार आहोत. प्रवास आणि मुक्काम यांतच शिल्लक संपणार असल्यामुळे तिकीट काढून पाहण्याच्या गोष्टी आम्हाला परवडणार नाहीत. त्यातच, तेथे सतत जोराचा वारा असतो आणि दुपारी किनाऱ्यावर दहा मिनिटेही बसवत नाही, असे जाऊन आलेल्यांनी सांगितले. पैसे न खर्चता दिवस कसे घालवावेत?

उत्तर : वारा पडण्याची वाट पाहत खोलीत बसू नका, ही माझी पहिली विनंती आहे. अशा गावात पाहण्यासारखे जे असते त्यातले बरेचसे वाऱ्याचेच काम असते आणि त्याला तिकीट नसते.

आधी वारा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार हवा आत येते. शाळेत आपण ज्यांना खारे वारे म्हणून शिकलो ते हेच. ते सकाळी उशिरा सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि दिवस कलला की मंदावतात. तुमच्या गावचा वारा असा असेल, तर सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचा किनारा तुम्हाला बराच शांत मिळेल. रात्रंदिवस एकाच दिशेने वाहणारा वारा मात्र त्या ऋतूचा किंवा दूरवर पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा असतो आणि तो संध्याकाळी पडेल या भरवशावर बेत आखू नयेत.

अकरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती एक वही द्यावी आणि रोज तीन वेळा वाऱ्याची नोंद करायला सांगावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याची जी श्रेणी मांडली, ती डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरच उभी आहे आणि तिच्यात शून्य ते बारा असे आकडे आहेत. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील आणि हलका झेंडा पसरलेला असेल, तर तो तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर वेगाचा वारा होय. धूळ आणि सुटे कागद उडू लागले की चौथी श्रेणी, लहान झाडे डोलू लागली की पाचवी, आणि छत्री सांभाळणे कठीण झाले की सहावी. समुद्रावर पांढरा फेस तुरळक दिसू लागतो तो तिसऱ्या श्रेणीपासून. चौथीत तो जागोजागी दिसतो. दुसऱ्या दिवसापासून मुले खिडकीतूनच आकडा सांगू लागतात, हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे.

पतंग तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत उत्तम उडतो. विजेच्या तारा जवळ असतील किंवा आभाळात गडगडाट असेल, तर मात्र तो अजिबात उडवू नये.

आता ज्या वाळूमुळे बसवत नाही, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला किनाऱ्यावरची सर्वांत मोठी गंमत तीच वाटते. वाऱ्याने वाळूचे कण धुळीसारखे आभाळात जात नाहीत. ते उचलले जातात, थोडे पुढे जाऊन आदळतात आणि आदळताना दुसऱ्या कणांना उडवतात. या उड्या बहुतेक गुडघ्याच्या खालीच राहतात. म्हणूनच उभ्या माणसाच्या फक्त पोटऱ्यांना वाळू टोचते आणि बसलेल्याच्या थेट तोंडावर येते. ओल्या वाळूचे कण पाण्यामुळे एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ओहोटी लागल्यावर पाण्याने नुकत्याच सोडलेल्या पट्ट्यात बसलात तर वारा तोच असूनही त्रास पुष्कळ कमी होतो. कोरड्या वाळूवर वाऱ्याने उमटवलेल्या नागमोडी रेघांपाशी मुलांना ओणवे बसवा : प्रत्येक रेघेची वाऱ्याकडची बाजू लांब उताराची आणि मागची बाजू उभी असते, त्यामुळे वारा थांबल्यानंतरही तो कोठून आला होता हे सांगता येते. एक रेघ हाताने पुसून टाकावी आणि ती पुन्हा उमटायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे.

रोजचा कार्यक्रम भरती-ओहोटीवर बेतावा. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी भरती येते, म्हणजे आजच्यापेक्षा उद्याची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि ओहोटीला पाणी सर्वांत दूर हटते. खडकांतली डबकी पाहण्याचे दिवस तेच. मात्र पाणी परत फिरण्याच्या बऱ्याच आधी तेथून निघावे आणि जोराच्या लाटा फुटत असलेल्या खडकांवर कोणीही चढू नये. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तेव्हा हवा भरलेली चकती किंवा तराफा पाण्यात नेऊ देऊ नका, कारण ती मुलासकट आत ओढली जाते आणि काठाजवळचे पाणी शांत दिसत असल्याने हे कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. वाऱ्यामुळे अंगाला गारवा वाटतो, पण त्वचा उन्हाने भाजतच असते. तेव्हा टोपी आणि लांब बाह्यांचे कपडे विसरू नयेत.

प्रश्न : गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला वाळूत चालता येत नाही. घरची मंडळी फिरायला गेली की मी काठावरच्या बाकावर बसून असते. तेथे बसून काही करण्यासारखे आहे का?

उत्तर : आहे, आणि बाकावरून ते अधिक चांगले होते. घड्याळ घेऊन एका खुणेपाशी येणाऱ्या लाटा मोजा. पहिल्या माथ्यापासून अकराव्या माथ्यापर्यंतच्या वेळेला दहाने भागले की दोन लाटांमधले अंतर सेकंदांत मिळते. चार-पाच सेकंद आले, तर त्या लाटा जवळपासच्या वाऱ्याने उठवलेल्या आहेत. दहा-बारा सेकंद आले, तर त्या फार दूरच्या वादळातून निघून आलेल्या आहेत, मग तुमच्या डोक्यावरचे आभाळ कितीही निरभ्र असो. दहा सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते आणि ताशी ५६ किलोमीटर वेगाने धावते. लाटेची उंची आणि पाण्याची खोली जवळजवळ सारखी होऊ लागली की ती फुटते. त्यामुळे लाटा जेथे नेहमी फुटतात, तेथे तळाशी उथळ पट्टी आहे असे समजावे.

कुरव पक्षी वाळूवर बसलेले असतील, तर बहुतेकांची तोंडे एकाच दिशेला, वाऱ्याकडे असतील, कारण तसे बसल्याने पिसे विस्कटत नाहीत आणि उडणेही सोपे जाते. दीपगृह दिसत असेल, तर अंधार पडल्यावर त्याच्या प्रकाशाचे झोत सेकंदांत मोजा. खलाशांना ठिकाण ओळखता यावे म्हणून जवळपासच्या दीपगृहांचा क्रम वेगवेगळा ठेवलेला असतो. काठावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर दिसते, तर ३० मीटर उंचीवरून तेच सुमारे २० किलोमीटरवर जाते. मंडळी गाडीने एखाद्या टेकडीवर जाणार असतील, तर तुम्हीही अवश्य जा, आणि दूर जाणाऱ्या जहाजाचा आधी तळ आणि मग वरचा भाग कसा बुडत जातो ते पाहा.

प्रश्न : मुलांनी गोळा केलेले शंख-शिंपले घरी आणावेत का?

उत्तर : भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेघेवर, विशेषतः रात्रभर वारा झाल्यानंतर, समुद्रफेस म्हणजे माकुळाच्या अंगातले पांढरे हलके कवच, माशांच्या अंड्यांचे रिकामे कोश आणि घासून गुळगुळीत झालेले काचेचे तुकडे सापडतात. ते हातात घेऊन पाहावेत, त्यांची चित्रे काढावीत. रिकाम्या शंखांत मात्र शंखवासी खेकडे घर करतात आणि वाढत्या अंगाबरोबर त्यांना मोठा शंख शोधावा लागतो, म्हणून शंख तेथेच ठेवावेत. काही किनाऱ्यांवर ते उचलण्यास मनाईही असते. काचेचे तुकडे खुशाल घेऊन या.