वाचकांचे प्रश्न : पोलंडमधील भागीदारी आणि सांगलीचे भांडवल

प्रश्न : माझा सांगलीच्या मार्केट यार्डात हळद व बेदाण्याचा व्यापार आहे. माझी धाकटी बहीण पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात राहते आणि तिला तेथील कायम वास्तव्याचा परवाना मिळाला आहे. एका पोलिश मैत्रिणीबरोबर भारतीय मसाल्यांची पाकिटबंद विक्री सुरू करण्याचा तिचा विचार असून, तेथील हिशेबनीसाने त्यासाठी ‘स्पुवका त्सिविल्ना’ म्हणजे नागरी भागीदारी सुचवली आहे. मी पंचवीस लाख रुपये घालून तिसरा भागीदार व्हावे, असा दोघींचा आग्रह आहे. ते शक्य आहे का? बहिणीला परदेशी नागरिक म्हणून काही अडचण येईल का? आणि कर्ज झाले तर जबाबदारी कोणाची?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. स्पुवका त्सिविल्ना ही पोलंडच्या १९६४ च्या नागरी संहितेतील कलम ८६० ते ८७५ यांनुसार होणारी भागीदारी आहे. ती कंपनी नाही, तिला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्व नाही. ती केवळ दोन किंवा अधिक भागीदारांमधील करार आहे. त्यामुळे धंद्याच्या कर्जाला भागीदार संयुक्तपणे आणि प्रत्येकी संपूर्ण रकमेसाठी बांधील असतात, आणि धनको आपली सगळी वसुली एकाच भागीदाराच्या घरादारातूनही करून घेऊ शकतो. आपल्याकडच्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही जबाबदारी अशीच अमर्याद असते, तेव्हा हे आपणास नवे वाटणार नाही. फरक कराच्या बाजूला आहे. आपली पेढी स्वतःच्या पॅनवर स्वतःचा आयकर भरते. तिकडे आयकर प्रत्येक भागीदार आपापल्या नफ्यावर स्वतंत्रपणे भरतो, व्हॅटची नोंदणी आणि भरणा मात्र भागीदारीच्या नावाने होतो.

भागीदारी हा केवळ करार असल्यामुळे तिची स्वतंत्र व्यापारी नोंदणीही नसते. नोंदणी होते ती भागीदारांची. प्रत्येक भागीदाराने ‘सीईआयडीजी’ या व्यावसायिकांच्या केंद्रीय नोंदवहीत स्वतःच्या नावाने व्यवसाय नोंदवलेला असावा लागतो, आणि परदेशी माणसाची खरी कसोटी इथेच लागते. ६ मार्च २०१८ च्या कायद्यानुसार युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला पोलिश नागरिकाप्रमाणे व्यवसाय करण्याची मुभा ठरावीक वास्तव्य-परवान्यांवरच मिळते. कायम वास्तव्य, युरोपीय संघाचे दीर्घकालीन वास्तव्य, निर्वासिताचा दर्जा आणि पोलिश नागरिकाशी विवाहामुळे मिळालेला तात्पुरता परवाना हे त्यांतील प्रमुख होत. आपल्या बहिणीकडे कायम वास्तव्य असल्यामुळे तिच्या वाटेत ही अडचण नाही. सीईआयडीजीतील नोंदणी निःशुल्क असते. नोंदणीनंतर सरकारी वाटणारी पैशांची मागणीपत्रे नवउद्योजकांच्या पत्त्यावर येतात. ती केराच्या टोपलीत टाकावीत, एवढे तिला आवर्जून सांगा.

आपण स्वतः मात्र भागीदार होऊ शकणार नाही, आणि ही आडकाठी दोन्ही देशांकडून आहे. सांगलीत राहणाऱ्या भारतीयाकडे वर सांगितलेला परवाना नाही, म्हणून सीईआयडीजीत नोंद नाही, म्हणून भागीदारीही नाही. शिवाय भारताच्या २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार निवासी भारतीयाने थेट गुंतवणूक करायची ती मर्यादित जबाबदारीच्या परदेशी संस्थेतच. त्याला अपवाद आहे तो काही सामरिक क्षेत्रांचा, आणि हळद त्यात बसत नाही. करारात आपले नाव न घालता आतून हिस्सा ठरवण्याचा सल्ला कोणी देईल, तर तो ऐकू नये. तसा हिस्सा पोलंडमध्ये सिद्ध करणे अवघड आणि इकडे परकीय चलन कायद्याखाली समर्थन करणे त्याहून अवघड.

तरीही बहिणीला पैसे द्यायचेच असतील, तर ते भेट म्हणून देता येतील. उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते; दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केला जाणारा कर, कापते, तो पुढे आपल्या आयकरात वळता होतो. पोलंडमध्ये भावाकडून बहिणीला मिळालेली भेट करमुक्त ठरू शकते, परंतु ३६,१२० झ्लॉटींपेक्षा (झ्लॉटी हे पोलंडचे चलन) मोठी रक्कम बँकेतून यावी लागते आणि सहा महिन्यांच्या आत ‘एसडी-झेड २’ हा फॉर्म बहिणीला तेथील कर कार्यालयात द्यावा लागतो. आपली रक्कम त्या मर्यादेच्या बरीच वर जाते, म्हणून ही मुदत चुकवू नये. मात्र भेट दिली की नफ्यावर आपला हक्क राहत नाही. भावंडांत हे बोलायला जड जाते, पण पैसे पाठवण्याआधीच ते स्पष्ट झालेले बरे.

नफ्यात कायदेशीर हिस्सा हवाच असेल, तर तिघांनी मिळून मर्यादित जबाबदारीची कंपनी, म्हणजे ‘स्पुवका झेड ओ. ओ.’, स्थापावी. तिचे किमान भांडवल ५,००० झ्लॉटी आहे, भागधारक होण्यासाठी पोलंडमधील वास्तव्य-परवाना लागत नाही आणि भारतीय नियमांतही ती बसते. अर्थात बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे नोंद आणि नंतरचे वार्षिक अहवाल हे काम मागे लागते. हिशेब ठेवण्याचा खर्चही भागीदारीपेक्षा जास्त येतो.

माझ्या मते आपल्यासाठी तिसरा मार्ग अधिक योग्य आहे. आपण भागीदार न होता पुरवठादार व्हावे. आयात-निर्यात कोड आणि मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी घेऊन सांगलीची हळद रीतसर बिलावर पाठवावी, नफा आपल्या मालाच्या दरात घ्यावा. मग ज्या अमर्याद जबाबदारीची आपणास धास्ती आहे, तीच आपल्या बाजूने उभी राहते, कारण थकलेले बिल दोघींपैकी कोणाही एकीकडून पूर्ण मागता येते. तिकडे दोघींना अन्न व्यवसायाची नोंदणी स्वच्छता निरीक्षण कार्यालयात, काम सुरू करण्याच्या किमान चौदा दिवस आधी मागावी लागेल. युरोपात भारतीय मसाल्यांची कीटकनाशकांच्या अंशासाठी कसून तपासणी होते, तेव्हा माल पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळेचा दाखला असावा.

बहिणीच्या कामाचा क्रम असा राहील : आधी दोघींची सीईआयडीजीत नोंद, मग लेखी करार, त्यानंतर चौदा दिवसांत भांडवलावर ०.५ टक्के कर ‘पीसीसी-३’ या फॉर्मसह, मग भागीदारीचा स्वतंत्र निप हा करक्रमांक आणि रेगॉन हा सांख्यिकी क्रमांक, आणि ते मिळाल्यावर सात दिवसांत दोघींच्या सीईआयडीजी नोंदीत त्यांचा उल्लेख. प्रत्येकी ४०,००० झ्लॉटी घातले, तर हा कर ४०० झ्लॉटी होतो. झूस या सामाजिक विमा संस्थेचे हप्ते प्रत्येकीला वेगळे भरावे लागतात. प्रथमच व्यवसाय करणाऱ्याला पहिले सहा महिने त्यातील सामाजिक हप्त्यांतून सूट घेता येते, आरोग्याचा हप्ता मात्र सुटत नाही.

खरी काळजी कराराच्या मजकुरात घ्यावी. करार गप्प असेल, तर कोणी किती भांडवल घातले हे न पाहता नफा-तोटा समान वाटला जातो. एखाद्या भागीदाराला तोट्यातून वगळता येते, नफ्यातून वगळता येत नाही. मुदत न ठरवलेल्या भागीदारीतून बाहेर पडायचे तर हिशेबाचे वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते. दोघींपैकी एकीचा मृत्यू झाला आणि वारस तिच्या जागी येतील असे कलम करारात नसेल, तर भागीदार एकच उरतो आणि भागीदारी संपते. हे कलम बहुतेक जण संकोचाने टाळतात. आपण ते घालण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : माझा मुलगा क्राकोव येथे संगणक कंपनीत नोकरीला असून त्याच्याकडे ‘तात्पुरते वास्तव्य व काम’ असा परवाना आहे. नोकरी सांभाळून एका पोलिश मित्राबरोबर त्याला अशीच भागीदारी करता येईल का?
— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : नाही. हा परवाना नोकरीसाठी आहे, वरच्या उत्तरात सांगितलेल्या व्यवसायाची मुभा देणाऱ्या परवान्यांत तो बसत नाही, आणि सीईआयडीजीच्या अर्जात परदेशी व्यक्तीला आपल्या परवान्याचा आधार नोंदवावा लागतो. मर्यादित कंपनीचे भाग मुलगा घेऊ शकेल, परंतु तिच्या संचालक मंडळावर बसणे किंवा तिच्यासाठी काम करणे हा वेगळ्या परवानगीचा विषय आहे. त्यासाठी आधी तेथील वकिलाला कागद दाखवावेत. पोलंडमध्ये सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य, स्थिर उत्पन्न, आरोग्य विमा आणि किमान बी-१ (म्हणजे मध्यम) पातळीची पोलिश भाषा एवढे जमल्यास युरोपीय संघाच्या दीर्घकालीन वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ते मिळाल्यावर मित्राबरोबरची भागीदारी त्याला मोकळी होईल. तोपर्यंत पोलिश भाषेचा अभ्यास संध्याकाळच्या वेळेत करावा, कारण भागीदारीचा करार आणि कर कार्यालयाची पत्रे त्याला त्याच भाषेत वाचायची आहेत.